ब्रोकन हिलला ताईकडे तीन आठवडे

ताई ऑस्ट्रेलियात ब्रोकन हिलला राहायला गेली तेव्हा आईने फोनवर पहिलं काय विचारलं असेल, तर "पाणी हाय का गं तिथं?" आम्ही माण तालुक्यातले. आमच्याकडे मुलगी देतानाही आधी गावचं पाणी विचारतात. ताई म्हणाली, "आहे, पण दोनशे सत्तर किलोमीटरवरून येतं." आईला वाटलं, थट्टा करतेय.

थट्टा नव्हती. वर्षाला सरासरी २५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. माणमध्ये याच्या जवळपास दुप्पट पडतो आणि तरी आम्ही रडत असतो. आधी गावाला मेनिंडीच्या तलावांचं, म्हणजे डार्लिंग नदीचं पाणी होतं. ती नदी वारंवार आटायला लागल्यावर वेंटवर्थहून मरी नदीचं पाणी पाइपलाइनने आणलं, ते २०१९ पासून सुरू आहे. आईला घेऊन आम्ही ताईकडे गेलो, तर नळाला चोवीस तास पाणी पाहून आई दोन दिवस गप्पच होती. तिसऱ्या दिवशी तिने परसात पत्र्याची पावसाच्या पाण्याची टाकी शोधली आणि तांब्या घेऊन निघाली. ताईने धावत जाऊन अडवलं.

कारण शिसं. १८८३ मध्ये इथे चांदी, शिसं आणि जस्ताचं खनिज सापडलं. जगभर पसरलेल्या बीएचपी या खाण कंपनीच्या नावातलं 'बीएच' ते हेच गाव. खाणीचा काळा डोंगर आजही गावाच्या मधोमध उभा आहे आणि त्याची धूळ छपरावर बसते. म्हणून छपरावरून टाकीत उतरलेलं पाणी प्यायचं नाही. लहान मुलांच्या रक्तातलं शिसं वेळोवेळी तपासतात. ताईच्या घरात त्यावरून ठरलेले नियम आहेत: चपला बाहेर, खाण्याआधी हात साबणाने, आणि फरशी ओल्या फडक्यानेच पुसायची. आई सकाळी उठून सवयीने ओटी झाडायला लागली, तर भाचा ओरडला, "आजी, नो झाडू!" कोरडं झाडलं की धूळ उडते आणि पोटात जाते. लहान मुलं घेऊन जाणाऱ्यांनी हे नियम पहिल्या दिवसापासून पाळावेत. मेथी-कोथिंबीरसुद्धा ताई जमिनीत लावत नाही. विकत आणलेली माती भरून उंच वाफे केलेत, त्यात लावते.

आम्ही भाच्याच्या शाळेची सुट्टी बघून डिसेंबरच्या शेवटी गेलो. चूक केली. ऐन उन्हाळा, पारा कितीतरी दिवस ४० च्या वर, आणि माश्या डोळ्यांत, नाकात, तोंडात. डोक्यावरून घ्यायची जाळी मिळते. ध्यान दिसतं, पण घ्या. जमल्यास मे ते सप्टेंबरमध्ये जा, फक्त तेव्हा रात्री चांगल्याच गार असतात, स्वेटर हवा. ताईच्या घरी छपरावर भला मोठा कूलर आहे, आपल्या वाळ्याच्या कूलरचाच भाऊ. आम्ही पहिल्या दुपारी गारवा बाहेर जाऊ नये म्हणून सगळ्या खिडक्या गच्च लावल्या आणि तासाभरात घराचं कोकण करून ठेवलं. खिडकी थोडी उघडी ठेवावीच लागते, हे आम्हाला सोलापूरच्या मावशीकडे शिकूनही आठवलं नाही.

घड्याळाचा घोळ आधीच सांगतो. गाव न्यू साउथ वेल्समध्ये, पण वेळ अ‍ॅडलेडची पाळतं, म्हणजे सिडनीच्या अर्धा तास मागे. मी हुशारीने हाताने सिडनीची वेळ लावली आणि सगळीकडे अर्धा तास आधी पोचत राहिलो. पत्ते मात्र विसरणार नाहीत: रस्त्यांची नावं ऑक्साइड, सल्फाइड, क्लोराइड, आयोडाइड. दाजी भाच्याला रसायनशास्त्र गाडीतच शिकवतात.

गावात सुपरमार्केटं आहेत, दूध-भाजीची अडचण नाही. पण तूरडाळ, पोहे, ज्वारीचं पीठ ही महिनोन्‌महिन्यांची यादी करून अ‍ॅडलेडहून आणायची, पाचशे किलोमीटरवरून. म्हणून तिकडे राहत असाल आणि येणाऱ्या पाहुण्याने विचारलं 'काय आणू?' तर लाजू नका, असं ताई म्हणते. आम्ही सीलबंद मसाले, लोणचं नेलं. विमानतळावर प्रवाशांनी भरायच्या कार्डावर लिहून दाखवलं, सुटलं. आईने परसातला कढीपत्ता रुमालात बांधला होता, तो गेला. पण सांगितलेलं असल्यामुळे दंड झाला नाही. खायचं काहीही असो, लपवू नका.

बघण्यासारखं म्हणाल तर २५ किलोमीटरवरचं सिल्व्हरटन आणि त्यापुढचं मुंडी मुंडीचं सपाट मैदान, तिथला सूर्यास्त चुकवू नये. उंट हाकणाऱ्यांनी बांधलेली पत्र्याची छोटी मशीद, विमानाने दूरच्या वस्त्यांवर जाणाऱ्या फ्लाइंग डॉक्टरांचा तळ, टेकडीवरची दगडी शिल्पं, हे दोन दिवसांत होतं.

मला सगळ्यात आवडला तो गावाभोवतीचा कुंपण घातलेला पट्टा, ज्याकडे पर्यटक ढुंकूनही बघत नाहीत. जळणासाठी झाडं तोडून, मेंढ्या-सशांनी चरून गावाभोवती वाळवंट झालं होतं, वाळू कुंपणं गाडून टाकायची. १९३६ पासून अल्बर्ट मॉरिस नावाच्या माणसाच्या आग्रहाने तिथे कुंपण घालून जनावरं बाहेर ठेवली. बरंचसं रान आपोआप उगवून आलं. आईला हे समजावून सांगावं लागलं नाही. "चराईबंदी," ती म्हणाली आणि पुढे चालायला लागली.

एक दिवस दाजींच्या सहकाऱ्याच्या आईवडिलांच्या मेंढ्यांच्या रानावर गेलो. कच्चा रस्ता, मोबाइलला रेंज नाही. तिथल्या नातवंडांची शाळा म्हणजे 'स्कूल ऑफ द एअर': पूर्वी रेडिओवर भरायची, आता इंटरनेटवर. वाण्याकडे जायचं तर अख्खा दिवस. मीठ संपलं म्हणून शेजारणीकडे वाटी घेऊन जायचं, तर शेजारीणच तासाभराच्या अंतरावर. पाणीटंचाईची आम्हाला सवय आहे. हा एकटेपणा मला जमला नसता. अशा रस्त्यावर जाताना माणशी पाणी भरपूर घ्या, परतायची वेळ कुणाला तरी सांगून निघा. आणि पाऊस पडला तर कच्चे रस्ते बंद करतात. तरी गाडी घातली तर दंड.

अ‍ॅडलेडहून आम्ही भाड्याच्या गाडीने आलो-गेलो. आपला परवाना इंग्रजीत असतो, चालतो. सिडनीहून आठवड्यातून एकदा, सोमवारी, रेल्वेही आहे. गाडीने जाणार असाल तर पेट्रोल पाहिलं की भरा, 'पुढे भरू' म्हणू नका. आणि दिवस मावळायच्या आत पोचा: तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात, कडेला पडलेले मोजायला लागलो आणि सोडून दिलं.

परतीला ताईने प्रेमाने दोन किलो पीच बांधून दिले. दक्षिण ऑस्ट्रेलियात फळमाशीच्या भीतीने बाहेरचं ताजं फळ नेता येत नाही, ऊडला विरा इथे नाक्यावर गाडी तपासतात, हे दाजींनी निघताना सांगितलं, पण पिशवी तोवर डिकीत गेली होती. टाकून द्यायला आई तयार होईना. मग नाक्याच्या अलीकडे युंटाला पेट्रोल भरलं, सावलीला बसलो आणि चौघांनी मिळून दोन किलो पीच संपवले. बिया आईने मोजून कचऱ्याच्या डब्यात टाकल्या.