युगायुगांचे हेवीवेट: नोंदवहीचा तिसरा महिना

वेगवेगळ्या काळांतले हेवीवेट बॉक्सर एकमेकांसमोर आले असते तर कोण जिंकलं असतं, हे मी या वहीत ठरवतो. या महिन्यात अशा चार काल्पनिक लढती लावायच्या ठरवल्या होत्या, झाल्या दोनच. पण ज्या एका गोष्टीपाशी सगळं घोडं अडलं होतं ती सुटली, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

वहीत 'अली विरुद्ध टायसन' असं लिहिलं की पहिला प्रश्न यायचा, कुठला अली? 1966 मधला, रिंगभर तरंगणारा? की 1974 मध्ये किन्शासाला दोरांना पाठ लावून फोरमनचे ठोसे अंगावर घेणारा? टायसनचंही तेच. 27 जून 1988 ला त्याने मायकल स्पिंक्सला 91 सेकंदांत संपवलं आणि पावणेदोन वर्षांच्या आत टोकियोत बस्टर डग्लसने त्याला दहाव्या फेरीत झोपवलं. तेव्हा तो अवघा 23 वर्षांचा होता, म्हणजे वयाचं कारणही पुढे करता येत नाही. दरवेळी मी दोघांचंही सरासरी चित्र डोळ्यांपुढे आणायचो आणि निकाल कधी इकडे, कधी तिकडे झुकायचा.

म्हणून आता प्रत्येक कार्डावर नावासोबत एक रात्र लिहितो. जो लुई, 22 जून 1938. अली, 14 नोव्हेंबर 1966. फ्रेझियर, 8 मार्च 1971. फोरमन, 22 जानेवारी 1973. होम्स, 9 जून 1978. टायसन, 27 जून 1988. उसिक, 18 मे 2024. लेनॉक्स लुईसचं कार्ड अजून कोरंच आहे. टायसनला त्याने 2002 मध्ये मेम्फिसला हरवलं, पण समोरचा टायसन तोवर ओसरला होता, त्यामुळे ती रात्र निवडायला मन धजत नाही.

दुसरा पेच नियमांचा. पंधरा फेऱ्या की बारा? आठ औंसांचे ग्लोव्ह्ज की दहा? यावर सगळ्यात जास्त शिकवलं डेम्प्सीने. 1919 मधलं विलार्डविरुद्धचं चित्रण या महिन्यात पुन्हा थांबवत थांबवत पाहिलं. पहिल्या फेरीत विलार्ड सात वेळा पडतो. त्यापेक्षा डेम्प्सी कुठे उभा आहे ते बघा. पडलेल्या माणसाच्या अगदी डोक्याशी. विलार्ड हाताने आधार घेत गुडघा उचलतो, धड सरळ व्हायच्या आत पुढचा ठोसा येतो. तेव्हा ते नियमात बसत होतं. पुढे समोरच्याला पाडल्यावर तटस्थ (दोघांपैकी कुणाचाच नसलेल्या) कोपऱ्यात जायचा नियम आला आणि 1927 मध्ये शिकागोला सातव्या फेरीत टनीला पाडल्यावर डेम्प्सी सवयीने तिथेच रेंगाळला. तो कोपऱ्याकडे गेल्यावरच दहापर्यंतची मोजणी सुरू झाली. टनीला तेरा-चौदा सेकंद मिळाले, तो नऊच्या आकड्याला उठला आणि लढत गुणांवर जिंकला. एका काळाचा बॉक्सर दुसऱ्या काळाच्या नियमांत उभा केला तर काय होतं, याचा हा आयताच झालेला प्रयोग! तेव्हापासून लढत लावण्याआधी नियम कोणत्या सालचे ते कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात लिहितो.

(संगणकावर सोडून का देत नाही, असं विचारणाऱ्यांसाठी: 1970 मध्ये दाखवलेल्या मार्सियानो-अली 'संगणकी' लढतीत अमेरिकेतल्या प्रेक्षकांपुढे मार्सियानो जिंकला आणि युरोपातल्या प्रेक्षकांपुढे अली. मला डोळ्यांनी पाहून ठरवायला आवडतं.)

लुई 1938 विरुद्ध अली 1966, पंधरा फेऱ्या

इथे माझाच नवा नियम तोकडा पडला. लुईने त्या रात्री श्मेलिंगला 124 सेकंदांत संपवलं. दोन वर्षांपूर्वी याच श्मेलिंगने त्याची खोड हेरली होती: जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारल्यावर डावा हात खाली राहतो, त्यावरून उजवा घालता येतो. 1938 च्या चित्रणात ती खोड गेली की राहिली हे शोधायला बसलो, पण तेवढ्या वेळात ते दिसतच नाही. मग ठरवलं की रात्र फक्त तयारी आणि ताकद ठरवेल, पुरावा आसपासच्या लढतींतूनही घ्यायचा.

तसा पुरावा म्हणजे 18 जून 1941 ची बिली कॉनची लढत. कॉन वजनाने कितीतरी हलका, तरी नुसत्या पायांच्या जोरावर बारा फेऱ्यांनंतर पंचांच्या दोन गुणपत्रिकांवर पुढे आणि तिसरीवर बरोबरीत होता. तेराव्या फेरीत तो स्वतःच नॉकआउटच्या मागे लागला, लुईच्या टप्प्यात उभा राहिला आणि तिथेच संपला. अली तेवढाच चपळ, वर सहा फूट तीन इंच उंच आणि त्या रात्री 212 पौंडांचा. शिवाय टप्प्यात उभं राहण्याचा मोह त्याला होत नसे.

पण अलीची स्वतःची खोडही विसरू नका. तो ठोसा चुकवताना डोकं सरळ मागे नेतो आणि हात कमरेशी असतात. हेन्री कूपरने 1963 मध्ये आणि फ्रेझियरने 1971 मध्ये डाव्या हूकने (बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने) त्याला पाडलं ते त्यातूनच. लुईचे ठोसे याहून आखूड, जेमतेम वीतभर अंतरातून सुटणारे आणि एकामागोमाग एक येणारे. माझ्या मते अली एकदा नक्की पडतो, बहुधा दहाव्यानंतर. उठतो आणि गुणांवर जिंकतो.

होम्स 1978 विरुद्ध टायसन 1988

हे दोघे खरोखर लढले आहेत, जानेवारी 1988 मध्ये, आणि टायसन चौथ्या फेरीत जिंकला. पण होम्स 38 वर्षांचा होता आणि पावणेदोन वर्षं रिंगबाहेर. 1978 मधल्या केन नॉर्टनविरुद्धच्या रात्रीचा होम्स घेतला की चित्र पालटतं: पंधरावी फेरी जीव तोडून लढून एका गुणाने विजेतेपद नेणारा, 81 इंचांचा पल्ला (पसरलेल्या हातांची लांबी) आणि माझ्या लेखी हेवीवेटमधला सर्वोत्तम जॅब. डग्लसने टायसनला लांब जॅबवरच रोखलं होतं. दुसरीकडे, स्पिंक्सच्या रात्रीपर्यंत प्रशिक्षक केविन रूनी कोपऱ्यात होता आणि टायसनचं डोकं एका जागी ठरत नव्हतं. डग्लसला भेटलेला टायसन तो नव्हता.

टायसन बारा फेऱ्यांपलीकडे कधी गेलाच नाही. म्हणून 1978 चे नियम (पंधरा फेऱ्या) असतील तर होम्स गुणांवर, 1988 चे (बारा फेऱ्या) असतील तरीही होम्सच, फक्त खूपच निसटता. पहिल्या चार फेऱ्यांत तो खाली जाण्याची शक्यता मी मोठी धरतो. पण शेव्हर्सने 1979 मध्ये सातव्या फेरीत पाडल्यावर उठून अकराव्या फेरीत त्यालाच संपवणारा हा माणूस आहे.

मार्सियानो आणि लेनॉक्स लुईस ही जोडी बाजूला ठेवली आहे. पल्ला 68 विरुद्ध 84 इंच, वजनातही जवळजवळ दोन वर्गांचं अंतर. उसिकने डिसेंबर 2024 मध्ये आपल्याहून 55 पौंडांनी जड फ्युरीला हरवलं खरं, पण उसिक स्वतः अलीएवढा उंच आहे. पाच फूट दहा इंचांच्या माणसासाठी तो दाखला लावणं मला पटत नाही.

पुढच्या महिन्यात फ्रेझियर 1971 विरुद्ध टायसन 1988. फ्रेझियर लढत सुरू झाल्यावर तापायला वेळ घेतो, टायसन तो वेळ देत नाही. किंग्स्टनला 1973 मध्ये फोरमनने फ्रेझियरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं, त्यातल्या पहिल्या दोन वेळा तो नेमका कुठल्या ठोशाने आणि किती वाकलेला असताना पडला, ते आधी नीट पाहायचं आहे.