दिवसाला एक खाडी

गणपती उठले की आमच्या घरात दिवाळीच्या सुट्टीचा विषय निघतो. खानदेशातल्या माणसाला जवळचा समुद्र सुरतेचा. धुळ्याहून नवापूरमार्गे निघालं की चार-पाच तासांत डुमस गाठता येतं, आणि आपली तापीही मुलताईपासून ७२४ किलोमीटर चालून तिथेच समुद्राला मिळते. चोपड्यातली कितीतरी घरं दिवाळीत तिकडेच जातात. आम्ही मात्र यंदा अलिबागपासून गणपतीपुळ्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने गाडी नेणार आहोत. गाडी मी चालवणार आणि आखणीही माझीच. मैत्रिणी विचारतात, म्हणून ती इथे सविस्तर लिहून ठेवते.

किनारा माझ्या ओळखीचा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले तेव्हा पहिली नेमणूक गुहागर तालुक्यात मिळाली. आंतरजिल्हा बदली होऊन चोपडा तालुक्यात येईपर्यंत काही वर्षं तिथेच काढली. त्या सगळ्या काळात आईचं येणं झालं नाही. बाबांचं दुखणं होतं, केळीला पाणी द्यायला दुसरं कोणी नव्हतं. आता ती मोकळी आहे, पण गुडघे कुरकुरतात. म्हणजे गाडीत आई, हे, आठवीतला लेक आणि मी. या चौघांना काय झेपेल, इथून माझी आखणी सुरू झाली.

घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका मेहुण्यांनी लगेच आराखडा टाकला: रेवस ते रेडी, चार दिवस. कागदावर ते पटतं. सागरी महामार्ग पाचशेच्या आसपास किलोमीटरचा, दिवसाला सव्वाशे, आपण तर धुळ्याला सकाळी जाऊन दुपारी परत येतो. आईला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "इतली घाई कसाले? समुद्र काय पयी जाई राह्यना का?" म्हणजे, एवढी घाई कशाला, समुद्र काय पळून चाललाय का? आईचं बरोबर आहे. सपाटीवरचा हिशोब तिथे चालतच नाही. सह्याद्रीच्या सोंडा थेट समुद्रापर्यंत आलेल्या आहेत. रस्ता सोंड चढतो, वळणं घेतो, खाली एका गावात उतरतो, नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जेमतेम एक गाडी जाईल एवढा होतो आणि पुन्हा चढायला लागतो. तासाला पंचवीस किलोमीटर धरा. त्याहून जास्त धरलेत तर दिवसभर फक्त रस्ता बघाल.

आणि मग खाड्या. आपल्या नद्या लांबलचक. कोकणातल्या नद्या डोंगरात उगवतात आणि थोडं अंतर कापून समुद्रात जातात, पण भरतीचं पाणी त्यांच्या मुखातून कितीतरी आत शिरतं. त्यामुळे मुखाशी पात्र एवढं रुंद होतं की समोरचं गाव दिसतं आणि तिथे जायला रस्ता नसतो. अशा खाडीतून गाडीसकट फेरीबोटीने पलीकडे जायचं. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. दाभोळची बोट चुकवून रस्त्याने धोपाव्याला जायचं तर दापोली-चिपळूण असा शंभर किलोमीटरच्या वरचा वळसा पडतो. म्हणून मी किलोमीटर बाजूला ठेवले आणि एकच नियम केला: दिवसाला एक खाडी. सकाळी खाडी ओलांडायची आणि संध्याकाळी पुढच्या खाडीच्या अलीकडे मुक्काम करायचा. हा नियम धरला की बाकीचा प्रवास आपोआप जागेवर बसतो.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची, आणि ती नकाशात दिसत नाही. त्यासाठी भिंतीवरचं पंचांग पुरतं. गुहागरला शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींनी मला हे शिकवलं. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. साधारण सहा तास आधी आणि सहा तास नंतर ओहोटी, म्हणजे सकाळी नऊला आणि रात्री नऊला. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी दुपारी बाराला. रोज वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. अर्धा तास इकडे-तिकडे होतो, तेव्हा पाण्यात पाय घालण्याआधी गावात विचारायचंच. पण घरी चोपड्यात बसून कुठला दिवस कुठे घालवायचा, हे ठरवायला एवढं पुष्कळ झालं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा चढ-उतार कमी. किनाऱ्यावरून चालत किल्ल्यात जायचं असेल तर हे फार महत्त्वाचं.

आता आमचं पंचांग. भाऊबीज कार्तिक शुद्ध द्वितीयेला. यांची बहीण नाशिकला, त्यामुळे पहिला मुक्काम तिथे ठरलेलाच. तापीचा पूल, अमळनेर, धुळे, मालेगाव, चांदवड, नाशिक हा रस्ता आपल्या सगळ्यांना पाठ आहे. तृतीयेला पहाटे नाशिक सोडायचं. इगतपुरीपासून आमण्यापर्यंत समृद्धी महामार्ग आता सुरू झाला आहे, त्यामुळे कसारा घाट टळतो. खरा वेळ खाते ती भिवंडीपासून पनवेलपर्यंतची गर्दी. ती सकाळीच मागे टाकली की पेण, वडखळ करत दुपारपर्यंत अलिबाग.

चतुर्थीला सकाळी नऊला ओहोटी, म्हणून कुलाबा किल्ला त्याच सकाळी. अमावास्या होऊन फार दिवस झालेले नसतात, पाणी चांगलं मागे गेलेलं असतं. आम्ही तिघं वाळूतून चालत जाऊ, आईसाठी घोडागाडी मिळते. किल्ल्यात आंग्र्यांच्या काळातलं गणपतीचं देऊळ आहे आणि त्या दिवशी विनायकी चतुर्थी. आई चतुर्थीला उपवास करते, तिला मी अजून हे सांगितलेलं नाही. समुद्रातल्या किल्ल्यातल्या गणपतीपुढे ती चतुर्थीला उभी राहील, या एका गोष्टीसाठी मी सगळ्या तारखा चतुर्थीभोवती बसवल्या आहेत. तिथून रेवदंड्याची खाडी पुलावरून, कोर्लईला थोडं थांबून (तिथल्या एका वस्तीत आजही पोर्तुगीज मिसळलेली बोली बोलतात, लेकाला ती ऐकायची आहे), काशीदवरून मुरुडला मुक्काम.

इथे बसायच्या जागांबद्दल एक सांगते. उत्तरेकडून दक्षिणेला निघालं की समुद्र उजव्या हाताला राहतो, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला. मागच्या सीटवरची उजवी खिडकी आईची. डावीकडच्याला डोंगर आणि घरंच जास्त दिसतात. गाडीत म्हातारं माणूस असेल तर हे निघण्याआधीच ठरवा.

पंचमीला सकाळी हे आणि लेक राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्यात जातील. होडीतून किल्ल्याच्या पायरीवर उतरताना होडी हलत असते, गुडघे दुखणाऱ्या माणसाचं ते काम नाही. आई आणि मी धक्क्यावर बसू. स्वराज्याच्या मावळ्यांना जो किल्ला घेता आला नाही तो आणि त्याला शह द्यायला महाराजांनी उभारलेला पद्मदुर्ग, दोन्ही किनाऱ्यावरून दिसतात. मग आगरदांड्याहून पहिली फेरीबोट. दिवाळीच्या सुट्टीत तिथे गाड्यांची रांग लागते, म्हणून दुपारी एकच्या आत जेटीवर पोचायचं ठरवलं आहे. कधी कधी गाडी रिव्हर्सने बोटीत चढवायला सांगतात. त्याची मला सवय आहे. तुम्हाला नसेल तर घाबरू नका, बोटीवरची माणसं हाताने वाट दाखवतात, त्यांच्या हाताकडेच बघायचं.

दिघीनंतर दिवेआगर आणि मग तो रस्ता, ज्याच्यासाठी माझा जीव या आखणीत सगळ्यात जास्त गुंतला आहे. दिवेआगर ते श्रीवर्धन, आरावी-शेखाडीवरून. डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये रस्त्यापुरतीच जागा आहे. लाट कातळावर फुटलेली गाडीतून ऐकू येते. हा रस्ता चारनंतर धरायचा, कारण त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो. अंतर थोडंच आहे, पण मी त्याला दोन तास दिले आहेत. जिथे जागा सापडेल तिथे गाडी बाजूला घेऊन उभं राहायचं. या दोन तासांत कोणी पुढच्या गावाचं नाव काढायचं नाही, हे मी घरात सांगून ठेवलं आहे.

हरिहरेश्वरचा प्रदक्षिणेचा मार्ग कातळावरून जातो आणि ओहोटीलाच मोकळा असतो. षष्ठीला भरती साडेचारला, म्हणजे ओहोटी साडेदहाला. म्हणून रात्री मुक्काम हरिहरेश्वरला, सकाळी देवळात दर्शन, दहाच्या सुमाराला हे दोघं प्रदक्षिणेला. तिथे पाण्याने ओढून नेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. भरती सुरू झाली की परत फिरायचं, यावर घरात चर्चा नाही. बागमांडला अगदी जवळ. बोटीने सावित्री ओलांडली की आपण रायगड जिल्ह्यातून रत्नागिरीत. वेळासची कासवं बघायची तर फेब्रुवारीनंतर यावं लागतं, त्यामुळे आम्ही तिथे थांबणार नाही. केळशीवरून आंजर्ल्याला जाऊ. कड्यावरच्या गणपतीपर्यंत गाडी जाते, आईला चढावं लागत नाही, आणि वरून खालची खाडी आणि समुद्रातला सुवर्णदुर्ग दिसतो. संध्याकाळी हर्णैच्या बंदरात मासळीचा लिलाव. आई माळकरी, ती गाडीतच बसेल. पण आपल्याकडे केळीचा आणि कापसाचा भाव ठरताना पाहिलेल्या लेकाने टोपल्यांवरची बोली ऐकावी, असं मला वाटतं.

सप्तमीला दाभोळ. गुहेतल्या चंडिकेचं दर्शन, मग वाशिष्ठीच्या मुखातून धोपावे. पलीकडे माझा तालुका. भरती सव्वापाचला, म्हणून पाचच्या आधी हेदवी. दशभुजा गणपतीच्या खाली समुद्रात बामणघळ म्हणून कातळातली अरुंद चीर आहे. भरतीचं पाणी आत घुसतं, कोंडतं आणि उंच उसळतं. लांबून बघायचं, ओल्या कातळावर जाऊ नये. अष्टमीला गाडी हलणार नाही. त्या दिवशी माझी जुनी शाळा, जुनी माणसं. माझे विद्यार्थी आता कॉलेजात आहेत, फोनवर अजून "बाई, कधी येताय?" विचारतात. त्या दिवसांत तिकडे भातकापणीची घाई असते, तेव्हा कोणाच्या घरी जेवायला बसून त्यांचा दिवस मोडायचा नाही. संध्याकाळी गुहागरच्या वाळूत सगळ्यांनी भेटायचं ठरलं आहे.

नवमीला तवसाळहून जयगड, वाटेत केशवसुतांचं मालगुंड, मुक्काम गणपतीपुळे. आणि तिथून परत. मालवण, वेंगुर्ला, रेडी राहतं, त्याबद्दल मेहुणे नाराज आहेत. पण कार्तिकी एकादशीला आईला स्वतःच्या देवघरापुढे असायचं आहे, दुसऱ्या दिवसापासून तुळशीची लग्नं. किनारा शेवटपर्यंत न्यायचा तर त्यासाठी आणखी एक सुट्टी हवी. दशमीला चिपळूण, कुंभार्ली घाट, साताऱ्यात मुक्काम. एकादशीला पहाटे निघून पुणे, मनमाड, मालेगाव, धुळे करत रात्री घरी.

जेवणाचं म्हणाल तर शाकाहारी माणसाचे तिथे हाल होत नाहीत, फक्त घरगुती खानावळीत सकाळीच फोन करून सांगावं लागतं. कुळथाचं पिठलं, वालाचं बिरडं, घावन, सोलकढी. भाजीत ओला नारळ आणि गूळ असतो, आपल्या जिभेला तिखट कमी पडतं. म्हणून पहिल्या दोन दिवसांपुरत्या दशम्या आणि सगळ्या प्रवासाला पुरेल एवढा ठेचा व शेंगदाण्याची चटणी बरोबर घेणार. दिवाळीचा फराळ असतोच. पेट्रोल अलिबाग, श्रीवर्धन, दापोली, गुहागर अशा मोठ्या गावी भरून घ्यायचं, पंप आणखी पुढे मिळेल म्हणून रेटायचं नाही. डोंगराच्या कुशीतल्या गावांत मोबाइलला रेंज नसते, तेव्हा रोख पैसे जवळ हवेत. किनाऱ्यावर अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही. एसटी समोरून आली तर आपण मागे घ्यायचं, तिला वेळापत्रक असतं.

भाऊबीजेनंतर अख्खा महाराष्ट्र कोकणात उतरतो, त्यामुळे मुरुड आणि हरिहरेश्वरच्या खोल्या पितृपंधरवड्यातच सांगून टाकल्या. दोन्हीकडे तळमजल्याची खोली आणि कमोड आहे का, एवढं आधी विचारलं. हर्णैची खोली अजून पक्की व्हायची आहे. घटस्थापनेनंतर गाडी गॅरेजला देईन. ब्रेक आणि क्लच तपासून घ्यायचे, कारण तिथे दिवसभर दुसऱ्या गिअरवर चढ-उतार आहेत. कोणाला याच सुट्टीत निघायचं असेल, तर आधी पंचांग उघडा आणि आपल्या दिवसांच्या ओहोटीच्या वेळा काढा; खोल्या त्यानंतर.