2018 ची स्विफ्ट

गणपती तोंडावर आले की कुडाळातल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्यांना जेवायलाही फुरसत नसते. चाकरमानी यायच्या आत प्रत्येकाला गाडी चकचकीत हवी असते. अशा गर्दीत एक पांढरी स्विफ्ट माझ्याकडे आली. मालवण-कसाल रस्त्यावर समोरून आलेला चिऱ्यांचा ट्रक घासून गेलेला. ड्रायव्हर बाजूचा फेंडर, म्हणजे पुढच्या चाकावरचा पत्रा, फाटलेला; पुढचं दार आत दबलेलं. मालक आचऱ्याचे, सगळे त्यांना आबा म्हणतात. विमा फक्त थर्ड पार्टी, म्हणजे स्वतःच्या गाडीचा खर्च खिशातून. मग त्यांच्या मुंबईतल्या पुतण्याने कुर्ल्यातून जुना फेंडर नि जुनं दार घेऊन रात्रीच्या लक्झरीवर टाकलं.

सकाळी गोणपाट सोडलं आणि मी तिथेच थांबलो. दार नव्या स्विफ्टचं होतं. फेंडरला हेडलाइटसाठी असलेला काप आमच्या दिव्याशी जुळेना. आबांची खात्री पटावी म्हणून दार उचलून बिजागऱ्यांपाशी धरलं. बोल्टची भोकं एकमेकांसमोर येईनात.

पुतण्याला फोन लावला. तो चिडलाच. "दादा, आरसीवर 2018 लिहिलंय. मी दुकानदाराला 2018 ची स्विफ्टच सांगितली."

पुतण्या नि दुकानदार, दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, घोटाळा तिथेच होता. 2011 साली आलेली स्विफ्ट 2017 च्या अखेरपर्यंत निघत होती. पूर्णपणे नवीन सांगाड्यावरची पुढची पिढी फेब्रुवारी 2018 मध्ये बाजारात आली. आबांच्या आरसीवर नोंदणी 2018 ची, पण उत्पादनाच्या रकान्यात 11/2017. वर्षअखेरीचा शिल्लक माल शोरूमवाले नव्या वर्षात सवलत देऊन काढतात, त्यातली ही गाडी. त्या जुन्या पिढीतही 2014 च्या शेवटी तोंड बदललं, त्यामुळे बंपर घेताना आणखी एक फाटा फुटतो. म्हणून नोंदणीचं साल मी विचारतच नाही. उत्पादनाचा महिना आणि चॅसी नंबर मागतो. कंपनीच्या स्पेअर काउंटरवर चॅसी नंबर दिला की त्या गाडीचा नेमका पार्ट नंबर निघतो, डाव्या-उजव्याचा वेगळा.

कुर्ल्याचा माल परत जाणार नव्हता. दुपारी आबांना घेऊन कणकवलीच्या अलीकडच्या एका यार्डात गेलो. मोडलेला फेंडर सोबत घेतला, दाराचे आतून-बाहेरून फोटो काढले. फेंडर लगेच मिळाला, पण त्यावर इंडिकेटरचं भोक होतं. आबांच्या गाडीचा इंडिकेटर आरशात आहे. भोक बुजवून वर लांबी (पुट्टी) भरता येते, पण खाऱ्या हवेत ती जागा आधी फुगते. शोधल्यावर बिनभोकाचा सापडला, थोडा चेपलेला. चेप काढणं माझं कामच आहे.

दारं दोन होती, दोन्ही आमच्याच पिढीची. एक पांढरं, नुकतंच रंगवलेलं, आरशासारखं. दुसरं तांबडं, मधोमध ठोका बसलेलं. मी तांबडं बाजूला काढलं तशी आबा म्हणाले, "झिला, ता तांबडा कित्याक? ह्या पांढरा बरा आसा मा."

मी खिशातला चुंबक काढला. पांढऱ्या दारावर वर तो पटकन चिकटायचा, खालच्या वीतभर पट्ट्यात घसरून पडायचा. म्हणजे आत जाड लांबी. दार आडवं करून खालची कड बघितली. बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर जिथे दुमडतात तिथे रंगाखाली फोड आलेले. पाणी निघायची भोकं चिकणमातीने गच्च. आतलं कव्हर नव्हतंच, हात घातला तर बोटांना तसाच गाळ लागला, काचेच्या पट्टीतसुद्धा. पावसाच्या पाण्याने दारात एवढा गाळ साचत नाही. ही गाडी कुठेतरी पुरात उभी होती. यार्डवाला म्हणाला, "काय भाऊ, नवा रंग आहे." नवा रंग होता म्हणूनच तर मी आधी तिथे बघितलं.

तांबड्या दाराची कड कोरडी, भोकं मोकळी, रंग मूळचा. मग जुळणी. वायरिंगचा कनेक्टर आमच्यासारखाच. आरसा बसवायची जागा, सेंट्रल लॉकची मोटर, काच वर-खाली करायची यंत्रणा, सगळं तपासलं. यातलं काही खालच्या मॉडेलचं निघालं तर दार बसतं, पण काच हाताने फिरवायचीही वेळ येऊ शकते. किंमतही पांढऱ्यापेक्षा कमी, कारण ठोका समोर दिसत होता.

संध्याकाळी रंगाआधी दोन्ही पत्रे नुसते बोल्टवर लावून बघितले. ही पायरी मी कधी चुकवत नाही. रंगवलेला पत्रा बसला नाही तर तो गेला आणि रंगाचे पैसेही. दार मागच्या बाजूला किंचित खाली बसत होतं. बिजागरी ढिली करून उचललं, स्ट्रायकर, म्हणजे चौकटीवरची कुलूप अडकायची कडी, जरा आत घेतला, फट वरपासून खालपर्यंत एकसारखी आली. आबांनी स्वतः चारपाच वेळा उघडून आपटून बघितलं.

रंगाचा हिशेब सांगितला तेव्हा मात्र ते अडले. दाराच्या आतल्या कडा पांढऱ्या करायचे पैसे वेगळे.

"आबानू, दार उघडल्यावर तांबडं दिसेल."

"बंद केल्यार कोणाक दिसताला? ता रवांदे."

मग तेवढेच पैसे दाराच्या पोकळीत गंजरोधक फवारायला द्या, असं मी म्हटलं. त्याला ते एका शब्दात तयार झाले.