एस्टीम, ३६-१ चं चाक आणि ४८०० चं भूत

मंडळी, सापडलं. माझी गाडी ४८०० आरपीएमच्या आसपास झटके का खाते, ते भूत सात आठवड्यांनी सापडलं. "अर्थिंग बघ रे" असं ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्या सगळ्यांना साष्टांग नमस्कार, पण अर्थिंग नव्हतं. शील्डिंग नव्हतं, कॉइल नव्हती, आणि फर्मवेअरच्या नावाने मी ज्या शिव्या घातल्या त्या मागे घेतो.

मागची नोंद मी चिडून अर्धवट सोडली होती, म्हणून दोन ओळीत उजळणी. गाडी तीच: एस्टीम, जी१३बीबी, १२९८ सीसी, कारखान्यातून निघाली तेव्हा ८५ बीएचपीची. आता हेडर, जास्त लिफ्टचा कॅम आणि स्पीडुइनो, म्हणजे इंजिन चालवणारा ओपन-सोर्स संगणक (ईसीयू). क्रँक पुलीवर ३६-१ चं चाक (छत्तीस दातांच्या जागा, त्यातला एक दात मुद्दाम गाळलेला, म्हणजे ईसीयूला फेरीची सुरुवात कळते), वेस्टेड स्पार्क (दोन सिलिंडरना एकाच वेळी ठिणगी), कॅम सेन्सर नाही. दात मोजायला व्हीआर सेन्सर (दात समोरून गेला की व्होल्टेज देणारी चुंबकीय कॉइल) आणि त्याच्या मागे त्या सिग्नलचे ईसीयूला कळणारे पल्स करणारं एलएम१८१५ चिपचं कंडिशनर, मी झिरो पीसीबीवर हाताने रचलेलं. (गाडी रस्त्यावर येत नाही, ट्रेलरवरून फिरते. आरटीओचा विषय इथे नको.)

लक्षण असं, की ४६०० ते ५००० मध्ये गाडी कोणीतरी चावी फिरवून बंद-चालू करावी तसे झटके खायची. टॅकोचा काटा नाचायचा आणि ट्यूनरस्टुडिओत (स्पीडुइनोचं लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर) सिंक लॉसचा, म्हणजे ईसीयूचा दातांचा हिशेब चुकल्याचा, काउंटर रिक्षाच्या मीटरसारखा पळायचा. ३००० ला शून्य, ४००० ला शून्य, ४७०० ला कत्तल.

काय काय केलं ते सगळं सांगत बसत नाही. तापकीर गल्लीतून चांगली शील्डेड केबल आणली, शील्ड फक्त ईसीयूच्या टोकाला जोडली. सेन्सरची वायर कॉइलच्या हार्नेसपासून वेगळी, गाडीच्या दुसऱ्या अंगाने फिरवली. अल्टरनेटरचा बेल्ट काढून बॅटरीवर चालवून पाहिली. प्लग बदलून रेझिस्टरवाले घातले. चाकाला डायल गेज लावलं, रनआउट (फिरताना चाकाचं डगमगणं) ०.१२ मिमी. लेझर कटिंगनंतर लेथवर टर्निंग करून घेतलेल्या चाकासाठी मला ते ठीक वाटलं.

मधे एक खरी चूक मात्र सापडली, आणि तिचा आनंद मी दोन दिवस साजरा केला. सेन्सरच्या तारा उलट्या होत्या. ज्या ऑनलाइन दुकानातून घेतला त्यांच्या कागदावर पांढरी पॉझिटिव्ह लिहिलेली, प्रत्यक्षात काळी निघाली. फोन केला तर "सर, सगळे असेच लावतात." असो. व्हीआरमध्ये दात जवळ येताना व्होल्टेज एका बाजूला जातं, लांब जाताना दुसऱ्या बाजूला, आणि मधे शून्यातून जी तीक्ष्ण उडी असते ती आपली वेळ. तारा उलट्या असतील तर कंडिशनर दाताच्या मध्याऐवजी खाचेचा मध्य धरतो, आणि गाळलेल्या दाताजवळच्या लांब खाचेत ती उडी लोळत लोळत जाते. ट्यूनरस्टुडिओत ठिणगीचा फिक्स्ड अँगल १० अंशांवर ठेवून टायमिंग लाइट मारला, तर रेस वाढवल्यावर पुलीवरची खूण सरकायची. तारा बदलल्या आणि खूण जागेवर खिळली. आयडलपासून ४००० पर्यंत हलायचं नाव नाही. मी पेढे आणायच्या बेतात होतो. संध्याकाळी ४७०० ला पुन्हा तेच.

मग डायनोवर (गाडी जागेवरच चालवून ताकद मोजायचं यंत्र) गेलो. तासाच्या हिशेबाने पैसे, म्हणून आजवर टाळत होतो. तिथे गाडी चालवायला एक पोरगा होता, कानावर मोठे इअरमफ. त्याला सांगितलं होतं की झटके बसले की पाय काढ. तिसऱ्या रनला झटके सुरू झाले, मी काचेबाहेरून हातवारे करतोय, आणि त्याचं लक्ष स्क्रीनवर. त्याने पाय काढलाच नाही. ४८०० ला गाडी खोकली, ५००० ला खोकली, आणि ५३०० ला एकदम साफ झाली. ६००० पर्यंत शिट्टी वाजवत गेली.

मी तिथेच उभा राहिलो. सात आठवड्यांत मी एकदाही ५००० च्या पुढे गेलो नव्हतो, कारण झटके आले की माझा पाय आपोआप उठायचा. इलेक्ट्रिकल नॉइज असता तर आरपीएमबरोबर वाढत गेला असता. वर जाऊन बरा होणारा नॉइज मी तरी पाहिलेला नाही. ठराविक पट्ट्यातच येतो आणि पुढे जातो, तो रेझोनन्स, म्हणजे एखादी वस्तू तिच्या स्वतःच्या कंपनाच्या वेगाला जोरात थरथरणं. काहीतरी थरथरत होतं.

घरी येऊन टूथ लॉगर (दोन दातांमधला वेळ दाखवणारा आलेख) उघडला. आधीही पाहिला होता, पण तेव्हा मी डोक्यात नॉइज घेऊन पाहत होतो. हिशेब बघा. ४८०० आरपीएमला एक फेरी १२.५ मिलिसेकंदांची, म्हणजे दातामागे ३४७ मायक्रोसेकंद. गाळलेल्या दाताच्या जागी त्याच्या दुप्पट, ६९४. फेरीत एकदा. माझ्या लॉगमध्ये ६९४ च्या उभ्या दांड्या फेरीत तीन होत्या: एक खरी, दोन बोगस. आणि नॉइज असता तर मधेच जास्तीचे दात उगवले असते, छोट्या छोट्या दांड्या दिसल्या असत्या. इथे असलेले दात गळत होते. हा फरक मला दुसऱ्याच आठवड्यात दिसायला हवा होता.

आता गंमत. त्या दोन बोगस दांड्यांमधलं अंतर मोजलं. सातवा दात आणि पंचविसावा दात. बरोबर अठरा. पुढच्या फेरीत पुन्हा सात आणि पंचवीस. चाक वाकडं असतं तर फेरीत एकदाच गळती झाली असती. फेरीत दोनदा म्हणजे सेकंड ऑर्डर, आणि चार सिलिंडर इनलाइन इंजिनचं जे जन्मजात असंतुलन असतं ते नेमकं क्रँकच्या दुप्पट वेगाने हादरतं. ४८०० म्हणजे सेकंदाला ८० फेऱ्या, दुप्पट केले की १६० हर्ट्झ.

१६० हर्ट्झला काय वाजतंय? रात्री साडेदहाला पार्किंगमध्ये गेलो, फोनवर स्पेक्ट्रमचं फुकट अ‍ॅप लावलं, फोन फेंडरवर ठेवला आणि बारा-तेराच्या पान्याने एकेक वस्तू ठोकायला लागलो. अल्टरनेटर ब्रॅकेट: काही नाही. पुली: काही नाही. सेन्सरची पट्टी ठोकली, आणि टंग्ग. स्क्रीनवर एकच सुळका, १६१ हर्ट्झ.

सेन्सर काढला. त्याच्या तोंडावर केसाएवढी चकचकीत रेघ होती, चाक घासल्याची. फीलर गेजने मी ०.८ ची गॅप लावलेली, ती उभ्या गाडीत. चालू गाडीत पट्टी त्या ०.८ भर हेलकावे खात होती. काखेत कळसा म्हणतात तो हा.

पट्टी म्हणजे ३ मिमी जाडीची, २५ रुंद एमएस (माइल्ड स्टील) फ्लॅट, ८५ मिमी बाहेर आलेली, टोकाला सेन्सर लटकलेला. भोसरीतल्या ज्या लेथवाल्या काकांनी ती बनवली, ते तेव्हाच म्हणाले होते, "साहेब, बारीक होतीये." मी म्हणालो होतो, काका, सेन्सर तर धरायचाय, इंजिन थोडंच टांगायचंय. परवा तीच पट्टी परत नेली तर त्यांनी व्हाइसमध्ये पकडली, टोक बोटाने दाबून सोडलं आणि म्हणाले, "शाळेत बाकाच्या कडेला फूटपट्टी वाजवायचो ना आपण? ती आहे ही." पुढे एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मग सगळी साखळी जुळली. सेन्सर चाकापासून लांब गेला की सिग्नल लहान होतो. एलएम१८१५ अ‍ॅडॅप्टिव्ह मोडमध्ये मागच्या शिखराच्या ८० टक्के उंची मागतो. तेवढी नसेल तर दात मोजतच नाही. पट्टी फेरीत दोनदा लांब, दोनदा एक दात गायब. स्पीडुइनोला वाटतं गाळलेला दात आला, मोजतो तर अजून पस्तीस झालेले नाहीत, की सिंक तोडून पुन्हा पहिल्यापासून शोध. बिचारा आपलं काम चोख करत होता.

इथे कंडिशनरबद्दल माझं मत. मॅक्स९९२६ (दुसरी कंडिशनर चिप) वाले मॉड्यूल वापरणारे हसत असतील, कारण त्याचा थ्रेशहोल्ड (दात मानायची किमान उंची) शिखराच्या ३३ टक्के असतो आणि कदाचित त्याने हे सगळं पचवलं असतं. मी मागवणारही होतो, कार्टमध्ये पडून होता. पण बरं झालं नाही घेतला. झटके थांबले असते, पट्टी तशीच वाजत राहिली असती आणि एक दिवस बोल्टपाशी तुटून सेन्सर पुलीच्या बेल्टमध्ये गेला असता. आता पट्टी सुधारल्यावर घेईन. तोवर एलएम१८१५ माझ्यासाठी चुगलखोर म्हणून उत्तम.

नवी ब्रॅकेट: १० मिमी अ‍ॅल्युमिनियम प्लेट, तिकोनी, ब्लॉकला दोन बोल्ट, सेन्सर शक्य तितका बोल्टांजवळ. जाडी तिप्पट केली की ताठपणा सत्तावीस पट होतो, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि ठोकून ऐकणं वेगळं. टंग्गच्या जागी टक्. अ‍ॅपवर ७०० हर्ट्झच्या खाली काहीच नाही. ७००० आरपीएमला सेकंड ऑर्डर २३३ आणि फोर्थ ४६७, म्हणजे दोन्ही खालीच राहतात.

परवा डायनो, तोच पोरगा. ६८०० पर्यंत सिंक लॉस शून्य. मी त्याला चहा पाजला, त्याला का ते कळलं नाही. पॉवरचा आकडा विचारू नका, टायमिंग (ठिणगीची वेळ) अजून कच्चं आहे. ५००० ला ३० अंशांवर थांबलोय. तांब्याची नळी चेपून ब्लॉकला बोल्ट केलीये, दुसऱ्या टोकाला रबरी नळी आणि कानाला इअरमफ. नॉक (मिश्रण आपोआप भडकून होणारा आवाज) ऐकायला याहून स्वस्त आणि भरवशाचं काही नाही. पहिला 'टिर्र' ऐकू आला की दोन अंश मागे.

पेट्रोलबद्दल थोडं. आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉलवालं) मिळतं, त्यामुळे जुन्या पेट्रोलवर केलेलं माझं व्हीई टेबल (कधी किती पेट्रोल द्यायचं त्याचा तक्ता) सगळीकडे आठ-नऊ टक्के कमी पडतंय. साहजिक आहे, ई२० ची स्टॉइक (पूर्ण जळायला लागणारं हवा-पेट्रोलचं प्रमाण) १४.७ नाही, १३.५ च्या आसपास येते. म्हणून कृपा करून एएफआर (हवा-पेट्रोलचं नुसतं प्रमाण) सोडा आणि लॅम्ब्डात (ते प्रमाण भागिले स्टॉइक) बोला. वाइडबँड (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर) मुळात लॅम्ब्डाच मोजतो, १४.७ ने गुणून दाखवणं हा नुसता रिवाज आहे. फुल थ्रॉटलला मी ०.८७ वर ठेवलंय. आणि जुन्या गाड्यावाल्यांनो, फ्युएलचे रबरी होज बदलले नसतील तर आज बदला. माझा एक होज आतून फुगून मऊ पडला होता, बोटाने चेपला तर चेपलेलाच राहिला.

पुढचा बेत होता कॅम सेन्सर टाकून सिक्वेन्शियल (प्रत्येक इंजेक्टर आपापल्या सिलिंडरच्या वेळेला) करायचं. बोर्डावर चार इंजेक्टर आउटपुट आहेतच, वायर ओढायची की झालं.

पण हे लिहिता लिहिता एक गोष्ट टोचायला लागली. कॉइल पॅकची ब्रॅकेट. तीही काकांकडूनच, त्याच ३ मिमी पट्टीच्या उरलेल्या तुकड्यातून. लिहिणं थांबवून खाली जाऊन आलो. वॉचमनने आता विचारणंही सोडलंय. पान्याने ठोकली: १०९ हर्ट्झ. सेकंड ऑर्डर धरून त्याचे होतात ३२७० आरपीएम.

आणि ३२०० ते ३३०० मध्ये माझ्या लॉगला बारीक लीन (पेट्रोल कमी पडल्याचे) काटे दिसतात, सुरुवातीपासून. मी ते व्हीईचं भोक समजून टेबलच्या दोन सेलमध्ये पेट्रोल वाढवलं होतं. पण मिसफायर झाला, म्हणजे ठिणगी चुकली, तरी वाइडबँड लीनच दाखवतो, न जळलेला ऑक्सिजन तसाच एक्झॉस्टमध्ये जातो म्हणून. कॉइलचा कनेक्टर हलवून पाहिला तर मधली पिन सैल लागतेय, हाताला तरी.

तेव्हा सिक्वेन्शियल थांबलं. गुरुवारी भोसरी बंद, शुक्रवारी काकांकडे १० मिमी प्लेटचा उरलेला तुकडा घेऊन जातोय. ते काय म्हणतील ते मला माहीत आहे. तोवर त्या दोन सेलमधलं जास्तीचं पेट्रोल काढून ठेवलंय, म्हणजे नवी ब्रॅकेट लागल्यावर काटे गेले की नाही ते स्वच्छ दिसेल.