पहिले सहा मिलिमीटर: सेसना १७२ च्या थ्रॉटल-मिक्श्चरचं काम कुठवर आलं

गोव्यात, फोंड्यातल्या आमच्या बाकावर सेसना १७२ या छोट्या विमानाच्या दांड्यांचा डबा बनतोय, संगणकावरच्या उड्डाण-सिम्युलेटरसाठी: थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा ठरवणारा) आणि मिक्श्चर (इंधनाचं प्रमाण ठरवणारा). तो आता स्लाइड पॉट, म्हणजे सरकवायचा व्हेरिएबल रेझिस्टर, याऐवजी बेल्ट आणि चुंबकीय सेन्सरवर चालतोय. दोन्ही दांडे बसले, वाचन स्थिर आलं, एक्स-प्लेन १२ आणि मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर दोन्हींत तो जॉयस्टिक म्हणून दिसतो. किल्लीचा स्विच आणि मिक्श्चरचा व्हर्निअर (दांडा फिरवून बारीक सरकवायची सोय) बाकी आहे. एवढा खटाटोप थ्रॉटलच्या सुरुवातीच्या जेमतेम सहा मिलिमीटरांसाठी आहे, तेव्हा आधी ते का महत्त्वाचे ते पाहू.

१७२ एस या मॉडेलमध्ये लायकॉमिंगचं आयओ-३६०-एल२ए इंजिन असतं: इंधन इंजेक्शनचं, २७०० आरपीएमला १८० अश्वशक्ती देणारं. थंड इंजिन सुरू करण्यासाठी विमानाच्या हँडबुकातला क्रम असा. थ्रॉटल पाव इंच उघडा, मिक्श्चर पूर्ण मागे म्हणजे आयडल कट-ऑफला (इंधन बंद). मास्टर (विजेचा मुख्य स्विच) आणि बीकन (इशाऱ्याचा दिवा) चालू, मग इंधन पंप चालू. मिक्श्चर पूर्ण पुढे नेऊन फ्युएल फ्लोची सुई स्थिर होईपर्यंत, म्हणजे तीन ते पाच सेकंद, थांबा. पुन्हा मिक्श्चर मागे, पंप बंद. आता किल्ली स्टार्टला. इंजिनाने पेट घेतला की मिक्श्चर एकसारख्या हाताने पुढे. तेलाचा दाब तीस सेकंदांत दिसला पाहिजे. नाही दिसला तर इंजिन बंद.

पाव इंच म्हणजे साधारण सव्वासहा मिलिमीटर. थ्रॉटल याहून कमी उघडला तर सिलिंडरात पुरेशी हवा जात नाही आणि प्रायमिंगचं, म्हणजे सुरू करण्याआधी आत सोडलेलं, इंधन न जळता साठून राहतं. जास्त उघडला तर इंजिन पेट घेताच १८००-२००० आरपीएमवर उसळतं, तेही बेअरिंगपर्यंत तेल पोचायच्या आत. शिवाय थ्रॉटलची चकती हवा सरळ प्रमाणात सोडत नाही. बंद स्थितीपासूनच्या पहिल्या थोड्या हालचालीत मॅनिफोल्डचा (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांचा) दाब भराभर चढतो, शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात फारसा फरक पडत नाही. म्हणून डब्याला बारकावा लागतो तो सुरुवातीलाच.

आमच्या दांड्याची चाल ७० मिमी आहे. जुना पॉट दहा बिटांवर वाचला तर पूर्ण चालीत १०२४ पायऱ्या मिळतात, म्हणजे पहिल्या सहा मिलिमीटरांत ८८ च्या आसपास. कागदावर पुरेशा वाटतात. पण कार्बनच्या पट्टीवर खारी दमट हवा बसली की वाचन थरथरतं आणि त्या ८८ मधल्या बऱ्याच वाया जातात. किनाऱ्यापासून आत, फोंड्यातही पावसाळ्यात हे होतंच. वास्को-मुरगावकडे बाक असेल तर कार्बन पॉटवर पैसे घालूच नयेत.

आताची रचना: ८ मिमीचा एसएस ३०४ स्टेनलेस स्टीलचा दांडा, त्याला दोन्ही टोकांनी पकडलेला जीटी२ बेल्ट, ४० दात्यांची पुली, पुलीच्या आसाच्या टोकावर ६ मिमी व्यासाचं चुंबक आणि त्यासमोर एएस५६०० सेन्सर. बेल्टचा पिच (दोन दात्यांमधलं अंतर) २ मिमी, म्हणजे पुलीच्या एका फेऱ्यात ८० मिमी. ७० मिमी चालीत पुली ३१५ अंश फिरते, फेरा पुरा होत नाही. हे गणित आधी करायलाच हवं. सहज मिळणारी २० दात्यांची पुली लावली तर पावणेदोन फेरे होतात आणि एकच वाचन दोन ठिकाणी येतं. सेन्सर फेऱ्याला ४०९६ पायऱ्या देतो, म्हणून ७० मिमीला ३५८४, मिलिमीटरला ५१, पहिल्या सहांत ३०७.

जोडणीत अडतं ते इथे:

चुंबक व्यासाच्या दिशेने चुंबकित केलेलं हवं. दुकानात सहसा मिळणारं चुंबक जाडीच्या दिशेने केलेलं असतं. दिसायला तसंच, पण ते फिरवलं तरी वाचन सरळ बदलत नाही. चुंबक आणि चिप यांत १ ते २ मिमी अंतर ठेवा. चिपचे स्टेटस बिट चुंबक सापडलं का, कमजोर आहे का, जास्त जोरदार आहे का ते सांगतात; अंदाजाने शिम (पातळ पट्ट्या) घालण्यापेक्षा ते वाचा. आस पितळेचा किंवा एसएस ३०४ चा असावा, साध्या लोखंडाचा आस चुंबकाचं क्षेत्र ओढून घेतो. चिपची डीआयआर (फिरण्याची दिशा ठरवणारी) पिन लोंबकळत सोडू नका, ग्राउंडला जोडा. ४०९५ वरून ० वर उडी मारणारी जागा उरलेल्या ४५ अंशांत येईल असं चुंबक फिरवून चिकटवा. या चिपचा आयटूसी पत्ता (तारेवर तिला ओळखणारा क्रमांक) बदलता येत नाही, म्हणून थ्रॉटल आणि मिक्श्चरच्या दोन चिपांसाठी मध्ये एका वेळी एकाच चिपला जोडणारा टीसीए९५४८ए मल्टिप्लेक्सर घातला आहे. पुढे प्रो मायक्रो हा छोटा कंट्रोलर बोर्ड, तो यूएसबीवर थेट जॉयस्टिक म्हणून ओळखला जातो.

दांडा ज्यातून सरकतो त्या बुशसाठी नायलॉन नको. नायलॉन हवेतलं पाणी शोषून फुगतं. मे महिन्यात सरकणारा दांडा जुलैत अडकतो. आम्ही डेलरिन प्लास्टिकचे बुश वापरले. त्यातला एक उभा चिरलेला आहे, त्यावर क्लॅम्प आणि गाठीदार रिंग बसवली की खऱ्या विमानासारखा फ्रिक्शन लॉक (दांडा आहे तिथे धरून ठेवणारी सोय) मिळतो. स्टीलच्या गोळ्यांचे लिनिअर बेअरिंग इथल्या हवेत गंजतात आणि हाताला खरखरीत लागतात. डब्याला एमडीएफऐवजी १२ मिमी मरीन प्लाय, कापलेल्या कडांना वॉर्निशचे दोन हात.

फर्मवेअरमध्ये (बोर्डावरच्या प्रोग्रॅममध्ये) दोन्ही टोकांना दीड-दीड मिलिमीटर, म्हणजे साधारण ७५ पायऱ्या, कापून ठेवल्या आहेत. मिक्श्चरला हे फार गरजेचं आहे: दांडा पूर्ण मागे असूनही एक-दोन टक्के उरले तर काही विमानांत इंजिन बंदच होत नाही. फ्लाइट सिम्युलेटरमध्ये दांड्याच्या प्रतिसादाचा वक्र सरळ ठेवा, डेड झोन (हालचाल न मोजली जाणारा टप्पा) शून्य, प्रतिसादाची चपळाई ठरवणारी रिअ‍ॅक्टिव्हिटी शंभर. ती कमी केली तर हात आणि थ्रॉटल यांत उशीर शिरतो. वक्र द्यायचाच तर एकाच ठिकाणी द्या. फर्मवेअर आणि सिम दोन्हींकडे दिला तर चूक कुठे आहे ते कधीच सापडत नाही.

आता सरावाबद्दल. गरम इंजिनाला प्रायमिंग नको, हँडबुकही तेच सांगतं. एप्रिलच्या दुपारी दाबोळी विमानतळाच्या एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेवर, अर्धा तास उभ्या विमानात इंजिनावरून जाणाऱ्या बारीक नळ्यांतलं इंधन उकळून वाफ होते आणि इंजिन धरतं-सोडतं. अशा वेळी घाबरून आणखी इंधन घातलं की फ्लड होतं, म्हणजे सिलिंडरांत इंधन जास्त होतं. फ्लड झाल्यावर मिक्श्चर मागे, थ्रॉटल अर्धा ते पूर्ण पुढे, मग क्रँक (स्टार्टरने इंजिन फिरवणं). पेट घेतला की मिक्श्चर पुढे आणि त्याच वेळी थ्रॉटल मागे. दोन हात उलट्या दिशांना जाण्याचा हा सराव डब्यावर पक्का होतो, कीबोर्डवर कधीच नाही. स्टार्टर एका वेळी १० सेकंद, मग २० सेकंद विश्रांती. असं तीनदा होऊनही इंजिन लागलं नाही तर १० मिनिटं थांबा. सिममध्ये स्टार्टर जळत नसला तरी ही शिस्त पाळा.

कार्ब्युरेटरवाल्या (इंजेक्शनऐवजी हवेत इंधन मिसळणारं यंत्र असलेल्या) जुन्या १७२ ची गोष्ट निराळी. तिथे थ्रॉटल मागे-पुढे केला की अ‍ॅक्सिलरेटर पंप इंधन फेकतो. कार्ब्युरेटर इंजिनाखाली असतो आणि हवा वर खेचतो. स्टार्टर फिरत नसताना पंप केलं तर इंधन खाली एअरबॉक्समध्ये ठिबकतं आणि बॅकफायर झाला की आग लागते. लागलीच तर क्रँक करत राहायचं, ज्वाळा आत ओढल्या जातात. इंजेक्शनच्या इंजिनात पंप बंद असताना थ्रॉटल कितीही हलवला तरी इंधनाचा थेंब जात नाही, म्हणून ती सवय तिथे निरुपयोगी.

गोव्यात उडणाऱ्याने, सिममध्ये का होईना, कार्ब्युरेटर हीटकडे (कार्ब्युरेटरला गरम हवा देणाऱ्या दांड्याकडे) दुर्लक्ष करू नये. जुलैत हवा २७ अंशांची आणि पाण्याने भरलेली. कार्ब्युरेटरमध्ये इंधनाचं बाष्पीभवन होताना तापमान वीस-तीस अंशांनी सहज उतरतं, आणि अर्धवट मिटलेल्या चकतीवर बर्फ धरतो. मोपा किंवा दाबोळीला उतरताना थ्रॉटल मागे घेतला की धोका सर्वांत जास्त. फिक्स्ड (पात्यांचा कोन न बदलणाऱ्या) पंख्याच्या विमानात पहिली खूण म्हणजे हळूहळू घसरणारे आरपीएम. हीट ओढायची ती पूर्ण, अर्धवट नाही. बर्फ असेल तर वितळलेलं पाणी गिळताना इंजिन थोडा वेळ अडखळतं, मग आरपीएम वर येतात. जमिनीवर मात्र जास्त वेळ ओढून ठेवू नका, ती हवा फिल्टर चुकवून येते आणि जांभ्याची लाल धूळ थेट सिलिंडरात जाते. आमच्या डब्यात यासाठी तिसरा दांडा आणि एक मायक्रोस्विच आहे, तेवढं पुरतं.

रेडियल, म्हणजे सिलिंडर वर्तुळात मांडलेल्या, इंजिनांसाठी वेगळा डबा लागेल. बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयातलं सुपर कॉन्स्टेलेशन पाहताना तिचे चार १८ सिलिंडरांचे राइट आर-३३५० नीट न्याहाळा: खालच्या सिलिंडरांत तेल साचतं, म्हणून इग्निशन बंद ठेवून आधी पाती मोजत पंखा फिरवायचा, मध्येच अडला तर जोर करायचा नाही.

चवथीआधी किल्लीचा स्विच बसवायचा आहे. स्प्रिंगने परतणारी पाचवी जागा असलेला रोटरी स्विच मिळेनासा झालाय, तेव्हा चार जागांचा रोटरी (ऑफ, राइट, लेफ्ट, बोथ) आणि शेजारी पुश बटण असं करतोय. बटणाला सिममध्ये दाबून धरायची कमांड द्यावी, टॉगल नको, आणि डिबाउन्स (बटणाची थरथर गाळायचा वेळ) २० मिलिसेकंद. जोडणी झाल्यावर पहिली चाचणी १८०० आरपीएमवरची मॅग्नेटोची (ठिणगी देणाऱ्या दोन यंत्रांची, लेफ्ट आणि राइट): एकेका मॅग्नेटोवर आरपीएमची घसरण १५० च्या आत, दोन्हींतला फरक ५० च्या आत. त्यानंतर व्हर्निअर.