फॉर्ममध्ये नंदुरबार नाही: फुल फ्रेम की क्रॉप, माझा अनुभव

पुण्यातल्या एका कॅमेरे भाड्याने देणाऱ्या दुकानाच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये जिल्ह्यांची यादी उघडते. तिच्यात धुळे आहे, जळगाव आहे, नाशिक आहे. नंदुरबार नाही. १ जुलै १९९८ला आमचा जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला, त्या वर्षी जन्मलेली पोरं आता लग्नाला आली, पण त्या फॉर्मपर्यंत बातमी काही पोचलेली नाही. रात्रीच्या आकाशासाठी फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा; सेन्सर म्हणजे उजेड टिपणारी चिप) घ्यावा की क्रॉपवरच (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) राहावं, एवढंच मला ठरवायचं होतं. सेन्सर, लेन्स, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा) वगैरे अभ्यास पटापट झाला. घोडं अडलं ते या यादीपाशी.

माझ्याकडे सोनीचा ए ६४०० आहे, म्हणजे क्रॉप. त्यावर सेकंडहँड घेतलेली १६ मिमी एफ १.४ लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक मोठं). सातपुड्यात भटकायचं, पहाटे डोंगररांगा काढायच्या आणि अमावस्येच्या आसपास आकाशगंगा, हा छंद. फोटो दाखवला की कोणीतरी हमखास म्हणणार, "छान आहे, पण रात्रीचं करायचं तर फुल फ्रेमच पाहिजे." बॉडी (लेन्सशिवाय नुसता कॅमेरा) आणि बऱ्यापैकी लेन्स मिळून हिशोब दोन लाखांच्या घरात जातो. शहाद्याच्या पतसंस्थेत कर्जविभागात बसणारा माणूस दोन लाख ऐकीव माहितीवर सोडत नाही. म्हटलं, एक रात्र भाड्याने आणू, आपल्याच आकाशाखाली दोन्ही कॅमेरे शेजारी ठेवू आणि मग ठरवू.

भाड्याने आणायला पुणंच का? तर शहादा, नंदुरबार, धुळे, सगळीकडे फुल फ्रेम आहेत, पण ते लग्नवाल्या फोटोग्राफरांच्या गळ्यात. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे खान्देशात त्यांचा कॅमेरा मागणं म्हणजे पेरणीच्या दिवसात शेजाऱ्याची बैलजोडी मागण्यासारखं. म्हणून ऑनलाइन.

फॉर्म भरायला घेतला. नाव, मोबाईल, आधार. मग जिल्हा. यादीत नाही म्हणून दुकानात फोन केला. पलीकडचा मुलगा बोलायला गोड होता. "सर, नंदुरबार म्हणजे गुजरातमध्ये येतं ना?" मी म्हटलं, महाराष्ट्रात येतं, गुजरातची हद्द लागून आहे. "मग सर तुम्ही धुळे सिलेक्ट करा ना." केलं सिलेक्ट. दुसऱ्या दिवशी मेसेज: पत्ता आधारशी जुळत नाही, अर्ज नामंजूर. पुन्हा फोन, या वेळी दुसरा मुलगा. "सर, तुम्ही धुळे का टाकलं? आधारवर तर नंदुरबार आहे." तुमच्याच माणसाने सांगितलं, म्हटलं. "नाव काय होतं सर त्यांचं?" आता नाव कोण लिहून ठेवतं! (तेव्हापासून ठेवतो. फोन करताना समोर कागद, त्यावर तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव.)

मग पर्याय निघाला तो पुण्यातल्या पत्त्याचा. स्थानिक पत्त्याचा पुरावा आणि स्थानिक ओळखीचा एक माणूस दिला तर बाहेरगावच्यालाही कॅमेरा देतात म्हणे. मावसभाऊ हिंजवडीला नोकरीला, वाकडला भाड्याने राहतो. त्याला गळ घातली. त्याने भाडेकरार पाठवला. करार दोन मित्रांच्या नावावर, याचं नाव दुसरं. दुकान म्हणालं, पहिलं नाव असलेली व्यक्तीच चालेल. तो पहिला मित्र बिचारा मला ओळखतसुद्धा नाही, त्याने का जामीन राहावं?

शेवटी म्हणाले, बरं, तुमच्या कायमच्या पत्त्याचं लाईट बिल द्या, मॅनेजरशी बोलून बघतो. आमच्या घरचं लाईट बिल अजून आजोबांच्या नावावर येतं. आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली. खान्देशातल्या अर्ध्या घरांत हेच आहे: सातबारा काकाच्या नावावर, बिल आजोबांच्या, घरपट्टी आणखी तिसऱ्याच्या. बिल, वडिलांचं आधार आणि माझं आधार अशी साखळी जोडून पाठवली. मी स्वतः कर्जदारांकडून असली साखळी रोज तपासतो आणि आमच्याकडे ती चालते. त्यांच्याकडे एका बॉक्सात एकच पीडीएफ जाते, तीही एक एमबीच्या आत. तिन्ही कागद एका पानावर बसवले तर उत्तर आलं, अक्षर वाचता येत नाही.

डिपॉझिटला माझी तक्रार नाही, बरं का. लाखाची वस्तू आहे, त्यांनी चेक मागितला, आधारची सत्यप्रत मागितली, कुरियरचा विमा माझ्या माथी मारला, सगळं मान्य. राग फक्त याचा की 'नाही' असं एकदाही कोणी म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तर मी दुसरी वाट धरली असती. 'प्रोसेसमध्ये आहे सर' म्हणत ठेवलं.

बाकी कामात हे चालून जातं. आकाशगंगेत नाही चालत. तिचा उजळ मध्यभाग आपल्याकडे फेब्रुवारीच्या पहाटेपासून ऑक्टोबरच्या संध्याकाळपर्यंत दिसू शकतो, पण जून ते सप्टेंबर ढगांचे. रात्रभर निवांत काम करायचं तर एप्रिल-मे. त्यात चंद्र नसलेल्या रात्री अमावस्येच्या अलीकडे-पलीकडे चार-पाच. चैत्री अमावस्या धुळे-नंदुरबारच्या घोळात गेली. उरली वैशाखाची, ज्येष्ठाच्या अमावस्येला आभाळाचा भरवसा नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयात ती तारीख मी पेनाने गोल केली होती आणि येताजाता बायको विचारायची, "काय, झाला का मंजूर?" आमच्या कर्जदारांच्या बायकाही असंच विचारत असतील.

त्या कालनिर्णयानेच काम केलं. गोल केलेल्या तारखेकडे बघत होतो आणि वरखाली नजर गेली: मुहूर्त, मुहूर्त, मुहूर्त, अमावस्येला कोरं. गाडी काढली आणि ओळखीच्या एका लग्नवाल्या फोटोग्राफरकडे गेलो. त्याच्याकडे सोनीचा फुल फ्रेम ए ७ थ्री आणि २४-७० एफ २.८ लेन्स, लग्नवाल्यांची ठरलेली जोडी. विचारलं, अमावस्येच्या रात्री कॅमेरा मोकळा आहे का? तो हसायलाच लागला. "अमावसले कोन लगीन करस भो? लई जाय. सकाये आनी दे." म्हणजे घेऊन जा, सकाळी आणून दे. कागद नाही, चेक नाही, जिल्हा कोणता तेही विचारलं नाही. पैसे घेत नव्हता, एका दिवसाचं भाडं मी बळेच दिलं. ही युक्ती मी आता ज्याला-त्याला सांगतो: आपल्याला अंधार लागतो त्याच रात्री लग्नवाल्यांचे फुल फ्रेम कपाटात पडून असतात. पुण्याच्या खात्यात लॉगिन केलं तर माझा अर्ज आजही 'अंडर रिव्ह्यू' आहे.

जागा तोरणमाळ. अकराशे मीटरच्या आसपास उंची, घाट चढला की मैदानातली धगही कमी. या थंडाव्याचा फोटोशी थेट संबंध आहे. सेन्सर तापला की लांब एक्स्पोजरमध्ये (सेन्सरवर बराच वेळ उजेड घेताना) आपोआप ठिपके येतात, आणि तापमान सहा ते आठ अंशांनी चढलं की हा प्रकार जवळपास दुप्पट होतो. मे महिन्यात शहाद्याच्या गच्चीवरून फोटो काढून कॅमेऱ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. दुसरं, आकाशगंगेचा मध्यभाग आपल्याला दक्षिणेला दिसतो, आणि सातपुड्यावरून दक्षिणेला तापीचं खोरं आणि त्यातली सगळी गावं. उजेडाचा पिवळा पट्टा नेमका तिच्या पायथ्याशी येतो. म्हणून कड्यावर न जाता यशवंत तलावाच्या उत्तरेकडच्या काठाला बसायचं, समोरच्या टेकडीआड गावांचा उजेड बराचसा झाकला जातो. मेच्या मध्याला आकाशगंगेचा मध्यभाग रात्री साडेनऊच्या सुमारास उगवतो आणि पावणेतीनच्या आसपास दक्षिणेला सुमारे ३९ अंशांवर येतो. झोपून घ्यायला वेळ आहे.

आता मुख्य मुद्दा. फुल फ्रेमचा सेन्सर ३६ बाय २४ मिमी, सोनीचा क्रॉप साधारण २३.५ बाय १५.६. क्षेत्रफळ ८६४ विरुद्ध ३६७ चौरस मिलिमीटर, म्हणजे २.३५ पट, फोटोग्राफीच्या हिशोबात सव्वा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). लोक सांगतात ते खोटं नाही. पण हा फरक लेन्सचा एफ आकडा दोन्हीकडे सारखा असेल तेव्हाचा, आणि हे वाक्य सांगणारे गिळून टाकतात. लेन्सचं भोक किती मोठं ते काढायला फोकल लेंथला (लेन्सच्या मिमीच्या आकड्याला) एफ आकड्याने भागायचं. ए ७ थ्रीवर २४ मिमी एफ २.८ म्हणजे ८.६ मिमी. माझ्या क्रॉपवर १६ मिमी एफ १.४ म्हणजे ११.४ मिमी. दोन्हीतून दिसणारी चौकट सारखीच, कारण १६ गुणिले दीड बरोबर २४. तेवढ्याच चौकटीसाठी माझ्या कॅमेऱ्यात पावणेदोन पट उजेड शिरतो.

रात्री तेच दिसलं. एका ट्रायपॉडवर आळीपाळीने, १३ सेकंद, आयएसओ दोन्हीकडे जुळवून घेतलेला. (५००चा नियम, म्हणजे ५००ला २४ने भागून येतील तेवढे सेकंद, या चौकटीला २० सेकंद देतो, पण २४ मेगापिक्सेलवर मोठं करून पाहिलं तर २० सेकंदांत तारे तांदळाच्या दाण्यासारखे लांबट होतात. नियम फिल्मच्या काळातला आहे.) एफ १.४ ला क्रॉपचं आकाश स्वच्छ, पण कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटलेले. एफ २ केलं तर पंख मिटले आणि फरकही मिटला. फुल फ्रेम सरळ जिंकला तो एकाच ठिकाणी: तलावाकाठचा काळा खडक लॅपटॉपवर उजळून काढताना. त्याच्या अंधारात रंग शिल्लक होता, माझ्यात जांभळट चिखल. त्यावर उतारा म्हणजे जास्त फ्रेम (फोटो) काढून एकावर एक जुळवणं. सारख्या एफ आकड्याला पडणाऱ्या २.३५ पट फरकाची भरपाई करायलासुद्धा एकामागोमाग तीन फ्रेम पुरतात. सिक्वेटर नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आकाश आणि जमीन वेगळी धरून हे जुळवून देतं. दोन लाख विरुद्ध आणखी दोनदा बटण दाबणं.

फोटोग्राफरला फोटो दाखवले तेव्हा त्याने आकाशाकडे बघितलंच नाही. "खाले ते अंधारंच शे, फ्लॅश नही मारा का?"

दिवसाच्या डोंगरदऱ्यांचं फार बोलायला नको. ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ ८. दोन्ही कॅमेरे २४ मेगापिक्सेलचे. वीस इंची प्रिंटमध्ये मला तरी फरक सांगता येत नाही. फक्त क्रॉपवर एफ ११ च्या पुढे जाऊ नका, मऊपणा लवकर येतो. ऊन-सावलीचा फरक फारच असेल तर वेगवेगळ्या एक्स्पोजरचे तीन काढून ठेवा.

मी क्रॉपवरच राहिलो. पण उल्कावर्षाव काढणाऱ्याला मी फुल फ्रेमच सांगेन. उल्का एकदाच पडते, तिच्या तीन फ्रेम जुळवता येत नाहीत. डिसेंबरच्या १३-१४ तारखेला जेमिनिड्स उल्कावर्षावाच्या वेळी आपल्याकडे आकाश बहुधा निरभ्र असतं, तेव्हा मीही पुन्हा कॅमेरा मागायला जाणार आहे, चंद्र आणि मुहूर्त दोन्ही बघून. तोच वर्षभर पायी डोंगर चढणारा असेल तर त्याने वजनही करावं: ए ७ थ्री आणि २४-७० मिळून दीड किलोच्या आसपास, माझी जोडी आठशे ग्रॅम. बॅटरीत मात्र क्रॉपवाल्याची पंचाईत आहे, ए ६४००ची छोटी बॅटरी लांब एक्स्पोजरमध्ये भराभर उतरते. तीन ठेवा. तोरणमाळला रात्री चार्जिंगची सोय गृहीत धरू नका.

फोकस ऑटोवर सोडू नका. ठळक तारा स्क्रीनवर मोठा करून हाताने जुळवा, मग रिंगवर टेप लावा. बसण्याआधी दगड उचलून बघा, उन्हाळ्यात विंचू असतात.

लग्नवाल्याचा कॅमेरा आणलात तर त्याचं कार्ड बाहेर काढून त्याच्याच हातात द्या आणि आपलं कार्ड घाला. त्यावर कालच्या हळदीचे फोटो असतात आणि ते कॉपी झालेले असतीलच असं नाही. त्याच्या सेटिंगचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा आणि परत देताना सगळं होतं तसं करून द्या. पांढऱ्या शालूवर आकाशगंगेचा व्हाइट बॅलन्स (रंगांची सेटिंग) गेला तर पुढच्या अमावस्येला तो दार उघडणार नाही.