स्मोकर तापत नाही? आधी लग बघा

इलेक्ट्रिक स्मोकर, म्हणजे खाद्यपदार्थांना धूर देणारं यंत्र, तापेना झाला की लोक थेट नवं एलिमेंट (तापणारी नळी) आणायला धावतात. थांबा. प्लग काढा, मागचा पत्रा उघडा आणि एलिमेंटच्या टोकांवरचे लग, म्हणजे वायर जोडणारे धातूचे तुकडे, बघा. पुष्कळदा तेच काळे पडून ठिसूळ झालेले असतात. ढिल्या सांध्यात उष्णता साचते आणि वायर करपते. करपलेला तुकडा कापा, जास्त तापमानाला टिकणारा लग घट्ट क्रिंप करा, म्हणजे दाबून बसवा. वायर फायबरग्लास स्लीव्हचीच हवी, पीव्हीसी वितळते. सोल्डर तर नकोच.

मग मल्टीमीटरने एलिमेंटचा रोध मोजा. 230 व्होल्ट, 800 वॉटचं एलिमेंट सुमारे 66 ओहम दाखवतं. काहीच दाखवलं नाही तर आतली तार तुटली, एलिमेंट बदला. अमेरिकेहून आणलेल्या स्मोकरचं 120 व्होल्टचं एलिमेंट 18 ओहमचं. ते आपल्या सॉकेटला साडेतीनपटीहून जास्त पॉवर खेचतं आणि जळतं.

वडोदऱ्याच्या पावसाळ्यात आणखी एक तक्रार येते: एलिमेंट शाबूत, पण लावताच ईएलसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) पडतो. नळीत तारेभोवती इन्सुलेशन म्हणून भरलेल्या मॅग्नेशियम ऑक्साइडने ओल धरलेली असते. एलिमेंट काढून ओव्हनमध्ये 120 अंशांवर दोनेक तास वाळवा, मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) एलिमेंटचं टोक आणि बाहेरची धातूची नळी यांच्यात 1 मेगाओहमच्या वर रीडिंग आलं तरच परत बसवा. अर्थिंगची वायर जोडायला विसरू नका. पहिला तासभर स्मोकर रिकामाच चालवा, मग पनीर ठेवा.